भरल्या गाडीचं दार

सावित्री गाडीत बसली आणि दार लागेना. आदल्या संध्याकाळपर्यंत तेच दार एका बोटाने ढकललं की टक् करून जागेवर बसत होतं. त्या आवाजाचा मला नाद लागला होता. जेवायला हाक आली तरी आणखी एकदा, मग शेवटचं एकदा, असं करत मी ते लावत-उघडत उभा होतो. आज ती बसली, पदर आत ओढून घेतला, पिशवी मांडीवर ठेवली आणि मुरुडला बहिणीकडे निघालेल्या माणसाच्या घाईने दार ओढलं. टक् झालं नाही, खर्र झालं. दाराचा वरचा, मागच्या बाजूचा कोपरा गाडीच्याच खांबाला घासला आणि नखाएवढा रंगाचा टवका उडून माझ्या चपलेजवळ पडला. "लागत नाही हो," ती म्हणाली. मी म्हटलं, जरा जोराने ओढ. हे मी का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही, कारण उभ्या आयुष्यात कुठल्या यंत्राशी जोर करा असं मी कोणाला सांगितलेलं नाही. तिने जोराने ओढलं. दुसरा टवका गेला. मग ती हसायला लागली, आणि एकदा सुरू झाली की ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबत नाही. हसतच ती उतरली. ती उतरल्यावर मी हळूच दार लावून बघितलं, तर टक्.

ती आत गेली, चांगलं लुगडं बदललं, बहिणीला फोन लावला आणि आमचं आज काही जमत नाही, दार लागत नाही, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. जयगडची फेरी, मग धोपाव्याहून दाभोळची फेरी, उघड्या गाडीतून खारा वारा खात जायचं, असा सगळा बेत मी महिनाभर मनात रंगवला होता. तो त्या दोन टवक्यांबरोबर मांगराच्या, म्हणजे आमच्या जुन्या गोठ्याच्या, शेणाच्या जमिनीवर पडला. मी तिथेच ओंडक्यावर बसलो. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. बिघडलेली वस्तू समोर असली की मला काय करायचं ते कळतं. न बिघडलेल्या वस्तूंपुढे माझी पंचाईत होते, आणि त्या सकाळी अशी एक न बिघडलेली वस्तू माझ्या खिशात होती. मुंबईच्या एजन्सीतला रितेश, जो मला काका म्हणतो आणि ज्याच्या जन्माआधीपासून मी जहाजावर होतो, त्याचा नाश्त्याच्या वेळी फोन आला होता. सहा महिन्यांचं काम, फिटर म्हणून, सिंगापूरला चढायचं. काका, तुमच्यासारखा माणूस मिळत नाही, शुक्रवारपर्यंत काय ते सांगा. मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. सावित्री घावन उलटत होती. फोन ठेवल्यावर मी तिला सांगितलं, असं असं विचारतायत. तिने घावन ताटलीत घातलं, चटणी वाढली आणि म्हणाली, "मग जा की."

मग जा की. तीन शब्द, आणि घावन मऊ झालं होतं. तिने रागाने म्हटलं असतं तर मला तिची समजूत घालता आली असती. रडून म्हटलं असतं तर मी नाही जात म्हणून मोकळा झालो असतो. पण भाजी घेऊन या की, दिवा बंद करा की, असं म्हणतात तशा आवाजात ती ते म्हणाली. मी जहाज सोडून घरी आलो त्याला आता वर्ष होत आलं. आयुष्यभर मी नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने घरी असा होतो, आणि त्या तीन महिन्यांत मी पाहुणा असायचो. सुरमईचा मधला तुकडा माझ्या ताटात पडायचा. माझ्यासाठी नवी चादर निघायची, आमची अक्षया लहान असताना तिला सांगितलं जायचं, बाबांना झोपू दे. आता मधला तुकडा ज्याच्या हाताला लागेल त्याचा असतो आणि चादर धुवायला पडली की मला जुनी मिळते. हे मला आवडतं. कोणाला सांगितलेलं नाही, पण डोक्याकडचा काटेरी तुकडा ताटात पडला की आपण या घरातले झालो असं वाटून मी तो मन लावून खातो. तरी एक आहे. या घराची बसण्या-उठण्याची एक घडी आहे आणि ती माझ्याशिवाय बसलेली आहे. कपबशी कुठल्या फळीवर, कात्री कुठल्या खिळ्याला, दूधवाल्याला कुठल्या खिडकीतून भांडं द्यायचं. मी विसळलेला कप फळीवर ठेवतो आणि थोड्या वेळाने तो मुकाट्याने दुसऱ्या फळीवर गेलेला असतो. पेठकिल्ल्यातलं हे घर माझ्या पैशाने बांधलं हे खरं, पण त्याला माझं माप घेतलेलं नाही. आणि कसं घेणार, माप घ्यायच्या वेळी माणूस सुएझमध्ये.

म्हणून तर मी मांगरात गेलो. गाडी झाडगावातल्या एका वकिलांची होती. हेराल्ड, दोन दारांची, उघड्या टपाची, वर ताडपत्रीसारखं दुमडणारं छप्पर. वकील गेल्यावर ती कोकमाच्या झाडाखाली पडून होती आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालत असे. त्यांच्या मुलाला जागा मोकळी करून हवी होती, तो म्हणाला काका, घेऊन जा एकदाची. शाळेत असताना मी वकिलांना या गाडीतून मांडवीवर फिरायला जाताना बघितलं होतं. छप्पर उघडं, काचा खाली, शेजारी बाई. त्या बाईंचा हात दाराच्या कडेवर ठेवलेला असायचा, कोपर बाहेर. आमच्याकडच्या बायका तेव्हा कोपर बाहेर काढून कुठे बसत नव्हत्या. ते कोपर माझ्या डोक्यात राहिलं. गाडी मांगरात आणली, फणसाच्या ओंडक्यांवर चढवली आणि वर्षभर तिच्याखाली, तिच्यात, तिच्याभोवती राहिलो. कुजलेला तळ कापून नवा पत्रा बसवला. छप्पर मिरकरवाड्यात ट्रॉलरच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या माणसाकडून शिवून घेतलं. दारं सगळ्यात शेवटी. दुसऱ्या गाडीला डोक्यावर पत्र्याचं छप्पर असतं, ते सगळ्या अंगाला धरून ठेवतं. हिला ते नाही. हिच्या काचेलाही चौकट नाही, ती दारातून नुसती वर येते आणि छपराच्या रबराला जाऊन टेकते. दार केसभर चुकलं की काच बोटभर चुकते. हे मला माहीत होतं. म्हणून दाराभोवतीची फट मी फट मोजायच्या पातळ पात्यांनी मोजून, वरपासून खालपर्यंत सारखी करून घेतली होती. चाकांवर उतरवल्यावर दार थोडं घट्ट वाटलं, तर म्हटलं नवं रबर आहे, बसेल, आणि रिकाम्या गाडीत ते बसलंही.

टवका हातात घेऊन बसलेलो असताना मला मामा आठवला, आणि आठवल्याबरोबर कोणी तोंडात मारावी तसं झालं. जहाजावर जाण्याआधी मी मिरकरवाड्यात मामाच्या हाताखाली ट्रॉलरची इंजिनं बसवायचो. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या ट्रॉलरमध्ये आम्ही इंजिन उतरवायचो, मागच्या पंख्याचा दांडा त्याला जोडायचो, पण खालचे बोल्ट मामा शेवटपर्यंत आवळू द्यायचा नाही. मी तरुण, मला घाई. मी म्हणायचो, मामा, दांडा सरळ रेषेत आहे, आवळू का? मामा विडी पेटवायचा. "आधी पाण्यात जाऊ दे. बर्फ भरू दे, डिझेल भरू दे, जाळी चढू देत. माणसं वर येऊन बसू देत. मग ये पाना घेऊन." कारण लाकडाची होडी किनाऱ्यावर टेकलेली असते तेव्हा तिचा आकार वेगळा, पाण्यात गेल्यावर वेगळा, आणि भरल्यावर आणखी वेगळा. रिकामी असताना सरळ केलेला दांडा भरल्यावर वाकडा होतो. मिरकरवाड्यात हे शेंबडं पोर सांगेल. मी तर ते पुढे सबंध जन्म लोखंडाच्या जहाजांवर केलं. आणि तोच मी, गाडी जमिनीवरची, चाकांवरची, ही कुठे पाण्यात जातेय असं धरून, ओंडक्यांवर टेकवलेल्या रिकाम्या गाडीची दारं जुळवून बसलो होतो. ओंडके मधे होते, त्यामुळे गाडीचं अंग मधे वर उचललेलं, दाराची वरची फट मोकळी. सावित्री बसली, अंग मधे खाली गेलं, वरची फट मिटली. एवढंच. मला स्वतःचं हसूही आलं. मामा असता तर त्याने नुसती विडी पेटवली असती.

मी हे तिला सांगायला आत गेलो होतो. खरंच गेलो होतो. ती ओट्याशी पाठ करून उभी होती आणि रेडिओ लागला होता. मी दारात उभा राहिलो, पाणी प्यालो, कप फळीवर ठेवला आणि परत आलो. तिला सांगायचं म्हणजे पुढे विचारायचंच आलं, की येऊन बस, तास दोन तास, हलू नकोस. माझ्या तोंडून ते निघेना. ज्या बाईने आज सकाळी मला जा म्हणून सांगितलं तिला माझ्या गाडीत येऊन बस म्हणून कसं सांगायचं? शिवाय कोणाला नुसतं बसवून ठेवायची मला सवय नाही. जहाजावर प्रत्येक जण काही ना काही करत असतो. माणूस नुसता वजन म्हणून बसलाय असं मी बघितलेलं नाही. मग मी माझ्या डोक्याने सोय केली. स्वतःला गिरणीच्या काट्यावर तोलून आलो आणि तेवढी वाळू खताच्या रिकाम्या पिशव्यांत भरून स्टिअरिंगमागे ठेवली. तिच्या जागी कोठीतलं तांदळाचं न फोडलेलं पोतं आणून बसवलं. पोत्याला पाठ टेकवून नीट बसवताना मी त्याला पट्टाही लावला, तेवढंच बरं दिसलं. मग खाली शिरून गाडीचं अंग आणि सांगाडा यांच्यामधले बोल्ट सैल केले, जॅकने मधला भाग उचलला आणि मधे एकेक लोखंडी वायसर सरकवत गेलो. दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत आम्ही जेवलो, बाजारात गेलो, कोणाच्या तरी बारशाला जाऊन आलो, आणि सिंगापूरचं नाव दोघांनीही काढलं नाही. मला रात्री जहाजाचं इंजिन ऐकू यायचं. घरात आल्यापासून मला सगळ्यात जड गेली ती शांतता. जहाजावर इंजिन थांबलं की झोपलेला माणूस दचकून जागा होतो. तसा मी इथे वर्षभर अधूनमधून दचकून उठतो, काय बंद पडलं म्हणून, आणि काहीच बंद पडलेलं नसतं. तिकडे मला सगळं येतं. प्रत्येक झडप, प्रत्येक पाइप मला ओळखतो असं वाटतं. वाटतं, म्हणजे खरं नाही. माझं काम संपतं त्या बंदरात सकाळी मी उतरतो, दुपारी दुसरा फिटर चढतो, माझ्याच खुंटीला त्याचे कपडे लागतात आणि जहाज होतं तसंच पुढे जातं. पण वाटतं.

शुक्रवारी सकाळी दार लागलं. पोतं बसलेलं, वाळू बसलेली, आणि टक्. मी धावतच आत गेलो. "ये, आता बस." ती हात पुसत आली, पोतं उतरवायला हातभार लावला, आणि ते कोणाच्या जागी बसलं होतं ते तिच्या लक्षात आलं. पट्ट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बसली. दार ओढलं. परवाइतकं नाही, पण खर्र. ती बसल्या जागी पोत्याकडे वळली, त्याच्यावर छापलेलं वाचलं.

"पन्नास किलो?"

"हो. तुझं साधारण तेवढंच..."

"कोणी सांगितलंनी?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं. मला ते माहीत होतं. जन्मतारीख माहीत असते तसं ते मला माहीत होतं आणि मी ते कधी काढून बघितलं नव्हतं.

"अहो, मी पन्नासची होते तेव्हा तुम्ही ओमानला होतात," ती म्हणाली.

रागावली नव्हती. तिला मजा वाटत होती. पण मी पान्याकडे बघत राहिलो. मी इतकी वर्षं कुठल्या तरी बाईला मनात घेऊन समुद्रावर हिंडत होतो, तिला पत्रं लिहिली, पुढे फोन केले, आणि ती बाई पन्नासवर थांबलेली होती. ही पुढे गेली होती. हिचे गुडघे दुखत होते, हिने घराला गिलावा करून घेतला होता, विहिरीवर पंप बसवला होता, आणि दाराच्या बाजूला अंग टाकून बसायची हिला सवय होती. हे मला आत्ता, दारात उभं राहून दिसत होतं. पोतं सीटच्या मधोमध बसलं होतं. सावित्री दाराला लागून बसली होती, कोपर कडेवर.

"बसशील थोडा वेळ?" मी विचारलं. "अशीच?"

"वाल सोलायचेत."

"इथे आण."

ती भिजवलेल्या वालांचं पातेलं घेऊन आली आणि दोन्ही पायांत धरून बसली. मी दार लावून घेतलं, जेवढं लागत होतं तेवढं, आणि पाठीवर झोपून खाली शिरलो. माझ्या तोंडावर वीतभर अंतरावर गाडीचा तळ होता, मीच घातलेला नवा पत्रा, आणि त्याच्यावर ती. तिने पाय हलवला की पत्रा वाजायचा. वालाची सालं टराटरा निघत होती आणि एकेक दाणा ताटलीत पडत होता. मला इंजिन रूमची आठवण आली. तिथेही असंच डोक्यावर कोणीतरी चालत असतं, पण ते कोण आहे हे तुम्हाला माहीत नसतं. मी वरच्या फटीसाठी वायसर घातला. मग तिला सांगितलं, काच वर घे. तिने हँडल फिरवलं. बाहेरून मला काच रबराला टेकलेली दिसली असती, पण टेकली की नाही ते आतूनच कळतं, हे मला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं, कारण आत कोणी नव्हतंच.

"उजेड दिसतो का कुठे?"

"दिसतो. मागच्या कोपऱ्यात. तांदळाएवढा."

मी बोल्ट अर्धा आटा फिरवला. "आता?"

"आता बारीक झाला. कणीएवढा." थोड्या वेळाने, "गेला." मग ती जरा पुढे वाकली असणार, कारण तळ कुरकुरला आणि ती म्हणाली, "आला परत." मी सांगितलं, मागे टेक. टेकली. "गेला." असं बराच वेळ चाललं. ती हलली की गाडी हलत होती. डोळ्याला दिसणार नाही इतकी, पण माझ्या पान्याखाली मला ते कळत होतं. ती श्वास सोडून पाठ टेकायची तेव्हाही कळत होतं. मी उगाचच एका बोल्टवर बोट ठेवून पडून राहिलो. मला फार बरं वाटत होतं, आणि बरं वाटत असताना माणूस जसं नेमकं नको ते बोलतो तसं मी बोललो.

"तू हल्ली रात्री मागच्या दाराला अडसर घालत नाहीस. विसरतेस. मी उठून घालतो रोज."

साल काढायचा आवाज चालू होता. "विसरेन कशी? घालतच होते की. तुम्ही नव्हतात तेव्हा रोज घालत होते."

पुढचा दाणा ताटलीत पडला, मग त्याच्या पुढचा. वर्षभर मी रात्री चुळबुळत उठायचो, अंधारात चाचपडत मागच्या दाराशी जायचो, अडसर घालायचो आणि मनात म्हणायचो, बाई विसराळू झाली. ती मात्र मी घरात आहे म्हणून दार नुसतं ओढून घेऊन झोपत होती. एवढं मोठं काहीतरी या घरात माझ्यामुळे हललं होतं आणि मी कपबशीच्या फळीवरून मनाला लावून घेत होतो. डोळ्यांत पाणी आलं. पाठीवर झोपलं की ते सरळ कानात जातं, आणि हात तेलाचे, पुसायचीही सोय नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. माझा फोन स्टिअरिंगसमोरच्या फळीवर ठेवलेला होता. "रितेश म्हणून नाव आलंय," ती म्हणाली. मी म्हटलं, उचल. मला बाहेर यायला वेळ लागला असता हे खरं, पण तेवढ्यासाठीच मी उचल म्हटलं असं नाही.

"हॅलो. हां, मी मिसेस भाटकर. आहेत ना. गाडीखाली आहेत." मधे शांतता. "नाही नाही, काही झालं नाही, काम करतायत." पुन्हा शांतता. मग आवाज थोडा बाजूला करून, मला, "आज शुक्रवार म्हणतोय तो. काय सांगू?"

"तू काय सांगशील ते."

"मी कशाला सांगू? जहाजावर मी जायचेय का?"

मी वर बघितलं. पत्र्यावर माझ्या वेल्डिंगची शिवण दिसत होती, सरळ, चांगली. त्या जहाजावर मी चढलो तर पहिल्या तासात सगळं माझ्या हाताखाली येणार होतं, आणि मी उतरल्यावर दुपारपर्यंत माझी खूणही राहणार नव्हती. इथे एक बाई पाठ टेकून बसली तर काचेच्या कोपऱ्यातला उजेड जातो. आपण बसल्याने कुठेतरी काहीतरी असं हलावं, एवढंच मला हवं होतं. आणि ते हललंही होतं, मलाच दिसलं नव्हतं.

"नाही म्हणून सांग," मी म्हटलं. आणि ते पुरेसं मोठ्याने निघालं की नाही म्हणून पुन्हा म्हटलं, "नाही येत. यापुढे विचारू नको म्हणावं."

वर वाल सोलायचे थांबले होते. माझ्या बोटाखालचा बोल्ट किंचित हलला. "नाही येणार म्हणतायत," ती फोनवर म्हणाली. "कारण? कारण काय, काम निघालंय इथे. दारांचं... हो, दोन आहेत. एक होत आलंय, दुसऱ्याला अजून हात लावलेला नाही. ठीक आहे. ठेवते."

तिने फोन ठेवल्याचा आवाज आला. मग मीच विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला राहवलं नसतं आणि खालून विचारणं सोपं होतं.

"मग त्या दिवशी जा की, असं का म्हणालीस?"

"मग काय म्हणायला हवं होतं? थांबा म्हटलं असतं आणि तुम्ही थांबला असतात, तर माझ्यामुळे थांबलो म्हणून मरेपर्यंत ऐकवलं असतंत मला."

हे अगदी खरं होतं. मी वायसर नीट सरकवला आणि बोल्ट आवळायला घेतला. "उठू आता?" तिने विचारलं. मी म्हटलं नको, सगळे आवळून होईपर्यंत हलू नकोस, तू उठलीस की सगळं फिरेल. "बरं," ती म्हणाली, आणि वाल पुन्हा सुरू झाले.

मी दुसऱ्या बोल्टवर होतो तेव्हा अंगणातून चपलांचा आवाज आला. शेजारच्या मैनावहिनी. त्या दुपारच्या चहाला येतात, मी जहाजावर होतो त्या सगळ्या वर्षांत येत आल्यात, आणि दोघी पडवीत बसून सगळ्या पेठकिल्ल्याचं जे काय करायचं ते करतात. मी घरात आल्यापासून मात्र एक झालं होतं. मी पडवीत पाऊल टाकलं की दोघी गप्प व्हायच्या. मैनावहिनी डोक्यावरचा पदर सारखा करायच्या, काय भावोजी, बरं आहे ना, असं विचारायच्या आणि मी आत जाईपर्यंत भिंतीकडे बघत राहायच्या. त्यामुळे दुपारचं मी मांगरातच असायचो.

आज त्या पडवीत कोणी नाही बघून हाका मारत मांगरापर्यंत आल्या. दारातून मला त्यांच्या फक्त चपला आणि साडीचा काठ दिसत होता.

"अगो सावित्री, गाडीत काय बसलीस? कुठे जातायस?"

"कुठे नाही. बसवलंनी मला. उठायचं नाही असं सांगितलंनी. तू ये, तो स्टूल घे नि बस."

स्टूल ओढल्याचा आवाज झाला. मैनावहिनी बसल्या. वालांत हात घातला असणार, कारण आता सालं दोन ठिकाणी निघायला लागली.

"आणि भावोजी कुठे आहेत?"

"खाली आहेत."

चपला एकदम मागे सरकल्या. साडीचा काठ पायांवर ओढला गेला. मला दिसत नव्हतं, पण पदर सारखा झाला असणार. मी पाना तसाच धरून श्वास रोखला, जणू मी तिथे नाहीच, आणि सरपटत दुसऱ्या बाजूने बाहेर निघता येईल का याचा विचार करायला लागलो. मैनावहिनींनी आवाज अगदी खाली आणला, तरी मांगर केवढासा. "मग बोलायचं कसं गो? नंतर सांगते."

"सांग की आत्ताच," सावित्री म्हणाली. "ते आता इथेच असणार आहेत. किती दिवस गप्प बसशील?"

वर एक वाल सोलला गेला, दुसरा सोलला गेला. मग मैनावहिनींनी घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली, आणि सुरुवात त्यांनी माझ्यापासूनच केली.